गाडा कुणाच्या शिवेवर?

आषाढ लागला की कोल्हापुरात गल्लोगल्ली पी-ढबाकचा आवाज सुरू होतो. पंचगंगेला नवे पाणी आलेले असते. मंगळवारी आणि शुक्रवारी तालमींची व मंडळांची माणसे नदीवर जातात, कलश भरतात आणि ते पाणी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन त्र्यंबोली देवीच्या पायऱ्यांवर घालतात. याच महिन्यात गावोगावी मरीआईचीही जत्रा होते. शहरातल्या मुलांना हा नुसता उत्सव वाटतो. पण नवे पाणी आणि मरीआई एकाच महिन्यात का आठवावी, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात एकदा विचारून पाहण्यासारखा आहे.

मरीआई ही पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची देवी. उन्हाळाभर जमिनीवर साठलेली घाण पहिल्या जोरदार पावसात ओढ्यांत, आडांत आणि नदीत उतरते. तांबूस, गढूळ नव्या पाण्याबरोबर पटकी येते, हे लोकांनी जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी अनुभवाने ओळखले होते. साथ आली की अनेक गावांत मरीआईचा गाडा निघे. लहानशा लाकडी गाड्यावर देवीची मूर्ती ठेवायची, नैवेद्य दाखवायचा आणि गाडा ओढत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पलीकडच्या गावाने तो आपल्या हद्दीतून ओढत पुढच्या शिवेवर पोचवायचा. आपले संकट असे पुढच्या गावाकडे सरकत राही.

या गाड्याला आपण आज हसतो. पण प्रवास, आरोग्य आणि पर्यावरण यांचा गेल्या दीड-दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा गाडा आपण कधी सोडलाच नाही असे वाटू लागते. फक्त त्याचे रूप बदलले.

हा विचार माझ्या डोक्यात आला तो एका साध्या सूचनापत्रकामुळे. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात पाण्याच्या तपासणीवर बोलायला गेलो होतो. चहाच्या वेळी एका बाईंनी आपल्या शाळेच्या पन्हाळा-जोतिबा सहलीचे सूचनापत्रक दाखवले. चौथी सूचना अशी होती : 'आरोग्याच्या दृष्टीने प्रत्येक विद्यार्थ्याने सीलबंद पाण्याच्या तीन बाटल्या सोबत घ्याव्यात.' सहलीला ऐंशी मुले होती. बाई म्हणाल्या, "सर, मागच्या वर्षी मुलं आजारी पडली, म्हणून ही सूचना घातली. यंदा कुणी आजारी पडलं नाही. पण परत येताना मागं वळून पाहिलं तर तटाखालच्या उतारावर सगळीकडं बाटल्याच. त्यात आमच्या किती आणि दुसऱ्यांच्या किती, कुणास ठाऊक. आमची सूचना चुकली का?"

सूचना चूक नव्हती. ती अर्धी होती. असा अर्धा सल्ला देण्याची परंपरा किती जुनी आहे, ते पाहू.

यात्रेकरू आरोपी कसा झाला?

पटकीसाठी आपल्याकडे 'मोडशी' हा जुना शब्द आहे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आणि हा देशी शब्दही नोंदवला. पुढे युरोपीय भाषांत तो शब्द फिरत फिरत असा बदलला, की फ्रेंचांनी त्याचा अर्थ चक्क 'कुत्र्याचे मरण' असा लावला. म्हणजे रोग जुनाच होता. पण १८१७ साली बंगालमधील जेसोर भागात उसळलेली साथ वेगळी ठरली. १८१८ मध्ये ती दख्खनमध्ये आणि मुंबईत पोचली, पुढे व्यापाराच्या व सैन्याच्या वाटांनी देशाबाहेर गेली, आणि पटकी हा जगाचा रोग झाला.

१८६५ साली हाज यात्रेत पटकीने हजारो माणसे दगावली आणि तेथून ती आगबोटींतून युरोपात पोचली. युरोपातील सरकारे हादरली. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिने पटकीचे मूळ हिंदुस्थानात आणि प्रसाराचे मोठे कारण यात्रांत असल्याचे म्हटले. लगेच पुढच्याच वर्षी, १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात पटकी उसळली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटांवर ती गावोगाव पसरत गेली. मग हरिद्वार, पुरी, पंढरपूर ही नावे सरकारी आरोग्य अहवालांत वारंवार येऊ लागली. तेथे यात्रेकरू म्हणजे धोका असाच सूर असे.

हा आरोप खरा होता का? अर्धा खरा होता. पटकीचा जंतू माणसाच्या आतड्यातून प्रवास करतो, हे खरेच. रोग शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत वेळ जातो. आता पंढरपूरहून कोल्हापूर सुमारे १८० किलोमीटर. पायी चालणाऱ्याला आठ-दहा दिवस लागत. पंढरपुरात लागण झालेला माणूस वाटेतच आजारी पडे. तेथेच बरा होई किंवा मरे. मग आगगाडी आली. कोल्हापूर १८९१ साली मिरजेशी रेल्वेने जोडले गेले. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी कुर्डुवाडीहून १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९२७ मध्ये पुढे मिरजेपर्यंत आली. आता तोच माणूस लक्षणे दिसण्यापूर्वीच आपल्या घरी, आपल्या आडाजवळ येऊन पोचू शकत होता. रोगाचा वेग माणसाच्या वेगाएवढा असतो. प्रवासाचे साधन बदलले की रोगाचा नकाशाही बदलतो.

पण आरोपाचा दुसरा अर्धा भाग खोटा होता, कारण यात्रेकरू रोग घेऊन पंढरपुरात येत होता तसाच तो पंढरपुरात मिळतही होता. मिळत होता तो पाण्यातून. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या आसपास पटकीचे मृत्यू कसे दाटले आहेत, हे दाखवून दिले होते. त्याच वर्षी इटलीत पाचिनी यांनी रुग्णांच्या आतड्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू पाहिले. ३० वर्षांनी, १८८४ च्या सुरुवातीस रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या रुग्णांत तर तो जंतू सापडलाच, शिवाय लोक जेथे अंघोळ करत, कपडे धूत आणि जेथले पाणी पीत अशा एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. दोष एकट्या प्रवाशाचा नव्हता. प्रवासी जेथे उतरतो त्या ठिकाणाच्या पाण्याचा आणि मैल्याचाही होता.

वहीवरचे एक गणित

हे नीट समजण्यासाठी वर्गात एक हिशेब करावा. पटकीच्या रुग्णाच्या पाण्यासारख्या शौचात दर मिलिलिटरला सुमारे दहा कोटी जंतू असू शकतात. तीव्र आजारात असा रुग्ण तासाला एक लिटरपर्यंत द्रव गमावतो. एका लिटरमध्ये १,००० मिलिलिटर, म्हणजे जंतू झाले दहा हजार कोटी.

आता पाच मीटर व्यासाची, पाच मीटर पाणी असलेली विहीर घेऊ. तिच्यात सुमारे एक लाख लिटर, म्हणजे दहा कोटी मिलिलिटर पाणी असते. त्या एका लिटरचे जंतू या पाण्यात सारखे मिसळले, तर दर मिलिलिटरला १,००० जंतू होतात. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात दोन लाख! निरोगी माणसाच्या जठरातील आम्ल यांतले बरेचसे मारून टाकते. पण ज्याच्या जठरात आम्ल कमी आहे, जो कुपोषित आहे किंवा ज्याच्या पोटात जंतू अन्नातून गेले आहेत, त्याला आजारी पाडायला एवढे पुरतात. विहीर दिसायला स्वच्छ असते. पाण्याला वास नसतो, चव बदलत नाही.

आता उलटा हिशेब. याच विहिरीचे पाणी निर्जंतुक करायला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात ती, हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम या प्रमाणात लागते. एक लाख लिटरला अडीचशे ग्रॅम, म्हणजे पाव किलो. पाणी गढूळ असेल तर आधी ते निवळावे लागते व पावडरही जास्त लागते. पावडर घातल्यावर निदान अर्धा तास पाणी उपसायचे नाही. बस. एका बाजूला दहा हजार कोटी जंतू आणि दुसऱ्या बाजूला पाव किलो पावडर.

मग हे पाव किलो टाकायला इतकी वर्षे का लागली?

सुई स्वस्त, नळ महाग

येथे आरोग्याच्या सल्ल्याचा इतिहास थोडा कडू होतो. सल्ला दोन प्रकारचा असतो. एक प्रवाशाला : हे करा, हे खाऊ नका, हे टोचून घ्या. दुसरा ठिकाणाला : पाणी शुद्ध करा, शौचालये बांधा, मैला नदीत सोडू नका. पहिल्याला खर्च थोडा आणि तो बराचसा प्रवाशाच्या अंगावर पडतो. दुसऱ्याला पैसा लागतो, तो सरकारच्या किंवा नगरपालिकेच्या तिजोरीतून जातो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा पहिल्या प्रकाराचे टोक दिसले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून तपासणे, संशयितांना छावण्यांत ठेवणे, जत्रा आणि मेळे बंद करणे हे अधिकार त्याने दिले. त्या वर्षी हाज यात्रेची वाहतूकही थांबवली गेली. पुण्यात घरझडतीची जबरदस्ती इतकी झाली की २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सल्ला जेव्हा शिपायाच्या तोंडून येतो तेव्हा तो सल्ला राहत नाही, आणि लोक रोग लपवू लागतात. प्लेग पुढे करवीर संस्थानातही शिरला. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रशासनाने लोकांना गावाबाहेर मोकळ्या जागी झोपड्यांत राहायला नेण्यावर भर दिला.

पटकीच्या बाबतीत हाती सुई होती. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ साली पॅरिसमध्ये पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. पुढे प्लेगवरची लसही त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्रथम स्वतःलाच टोचली. या माणसाच्या धैर्याबद्दल आणि प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रशासनाने सुईचा उपयोग कसा केला हे पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेकरूंना पटकीची लस टोचण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढे टोचून घेतल्याचा दाखला मागितला जाऊ लागला. माझी आजी सांगे, "दंड सुजायचा, ताप यायचा, पण कागद दाखवल्याबिगर सोडत नव्हते. आत गेल्यावर पाणी मात्र वाळवंटातल्या झिऱ्याचंच."

आजीच्या त्या शेवटच्या वाक्यात सगळा मुद्दा आहे. त्या जुन्या टोचण्याच्या लशीने टोचून घेतलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनाच आणि तेही काही महिनेच संरक्षण मिळे. शिवाय लस घेतलेला माणूस स्वतः आजारी न पडताही जंतू बाहेर टाकू शकत असे. म्हणजे दाखला दाखवून आत शिरलेला माणूस पाण्याला सुरक्षित करत नव्हता, आणि पाणीही त्याला पुरते सुरक्षित ठेवत नव्हते. अखेर १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आंतरराष्ट्रीय प्रवाशांना पटकीच्या लशीचा दाखला मागण्याची तरतूद नियमांतून काढून टाकली. सीमेवर दाखला तपासून पटकी अडत नाही, हे अनुभवाने पटले होते. आज तोंडाने घेण्याच्या अधिक चांगल्या लशी आहेत आणि साथीच्या भागात त्यांचा उपयोग होतो. पण पाण्याची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

दुसऱ्या प्रकारचा सल्लाही कुणी दिला नव्हता असे नाही. आग्र्याचे रसायनतज्ज्ञ हँकिन यांनी १८९० च्या दशकात विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपाय सुचवला आणि राबवला. पाणी गुलाबी झालेले लोकांना आवडत नसे, पण तो सल्ला विहिरीसाठी होता, माणसाच्या दंडासाठी नव्हता. पुढे क्लोरीन आले, नळ आले, आणि पटकी हळूहळू मागे हटली.

मृत्यू कमी होण्यात आणखी एका साध्या गोष्टीचा वाटा आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. तेही प्रवासीच, पण जीव मुठीत घेऊन निघालेले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातांनी पाजले. दर शंभर रुग्णांत तीसच्या आसपास असणारे मृत्यू चारच्याही खाली आले. आतड्याच्या पेशी ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरते. हे दार पटकीच्या विषातही उघडे राहते. घरी हेच करायचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ही जलसंजीवनी प्रत्येक सहलीच्या पिशवीत असावी, आणि ती कशी करायची हे प्रत्येक मुलाला तोंडपाठ असावे.

खराटा घेऊन आलेला पाहुणा

प्रवाशाने ठिकाणाची काळजी कशी घ्यावी, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात येत ते खराटा घेऊन. आधी गाव झाडत, मग रात्री कीर्तन करत. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधल्या. दर्शनापेक्षा आलेल्या माणसांची सोय आणि वाळवंटाची स्वच्छता त्यांना मोठी वाटे. पाहुणा ज्या गावी जातो ते गाव त्याने येताना होते त्यापेक्षा वाईट करून सोडू नये, हे त्यांनी पुस्तकात लिहिले नाही, करून दाखवले.

त्या पंढरपुरात पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. यात्रा वाढली, शौचालये त्या प्रमाणात वाढली नाहीत. एकादशी झाली की भाविक परत जात आणि मागे राहिलेला मैला सफाई कामगारांना हातांनी उचलावा लागे. हे काम कुणाच्या जातीच्या वाट्याला येत होते ते आपल्याला माहीत आहे. गाड्याची येथे वेगळीच शीव होती : गावाची नव्हे, जातीची. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ चा आणि मग २०१३ चा असे दोन कायदे झाले. जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४-१५ च्या सुमारास वाळवंटात तंबू न टाकण्याचे आणि पुरेशी शौचालये उभारण्याचे आदेश दिले. त्यानंतर नदीपलीकडच्या ६५ एकरांत यात्रेकरूंच्या मुक्कामाची सोय झाली, आणि 'निर्मल वारी'सारख्या उपक्रमांतून पालखीच्या मुक्कामांवर फिरती शौचालये दिसू लागली. प्रश्न संपला असे नाही. पण सल्ल्याची दिशा बदलली, हे महत्त्वाचे. 'यात्रेकरूंनो, जपून राहा' याच्या जोडीला 'यात्रेकरूंसाठी आणि गावासाठी सोय करा' हे आले.

आणखी एक गोष्ट नकाशावर पाहावी. आळंदीहून माउलींची पालखी निघते, तेव्हा आळंदीची इंद्रायणीही पंढरपूरलाच निघालेली असते. ती भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात थांबते आणि पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहते. अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर रसायनांचा पांढरा फेस तरंगताना सर्वांनी पाहिला आहे. वारकरी पायांनी चालतो आणि त्याच्या शहराचे सांडपाणी नदीने चालते. दोघांचा मुक्काम एकच.

आपली पंचगंगा, आपलीच वाडी

आता कोल्हापूरकडे परत येऊ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते, कारण परंपरेने गुप्त सरस्वतीही त्यांत मोजली जाते. तेथून ती कोल्हापुराला वळसा घालते, इचलकरंजीजवळून जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कोल्हापुरात तिला जयंती आणि दुधाळी नाल्यांचे पाणी मिळते. सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे उभी राहिली, तरी पावसाळ्यात आणि बिघाडाच्या दिवशी नाला बांध ओलांडून नदीत जातो, हे घाटावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसते.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. अशी काविळीची साथ पसरते ती मैला मिसळलेल्या पाण्यातूनच. त्या साथीला नेमका कोणता नाला किंवा कोणती फुटकी नळी कारण झाली, या वादात येथे शिरायला नको. पण नदीकाठच्या प्रत्येक गावाला वरचे एक गाव असते आणि खालचे एक गाव असते, एवढे त्या उन्हाळ्याने शिकवले. २०२३ च्या अखेरीस कोल्हापूर शहराला काळम्मावाडी धरणातून थेट नळाने पाणी येऊ लागले. शहराच्या आरोग्यासाठी ही चांगलीच गोष्ट झाली. धोका एवढाच, की पंचगंगेचे पाणी आपल्याला प्यायचे नाही म्हटल्यावर तिच्यात काय सोडतो याची आपल्याला वाटणारी काळजीही कमी व्हायची. खालच्या गावांना अजून तीच नदी आहे.

आणि या खालच्या गावांत नरसोबाची वाडी आहे. पौर्णिमेला, दत्तजयंतीला, दक्षिणद्वार सोहळ्याला कोल्हापूरची माणसे वाडीला जातात, संगमावर अंघोळ करतात, ओंजळीत तीर्थ घेतात. शिवेवर सोडलेला गाडा असा नदीने पुढे गेलेला असतो, आणि आपण बसने जाऊन त्याच्या पाया पडतो.

सूचनापत्रक पुन्हा लिहू

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे. मुले आजारी पडू नयेत ही काळजी पहिली, यात तडजोड नाही. पाण्याची खात्री नसेल आणि दुसरा मार्ग नसेल तर सीलबंद बाटली जरूर घ्यावी. पण तीन बाटल्यांची सूचना मुलाला वाचवते आणि डोंगरावर २४० बाटल्या टाकते. त्या बाटल्यांमुळे पन्हाळ्याच्या नळाचे पाणी सुधारत नाही. उलट प्रत्येक सहल आपले पाणी विकत आणू लागली, की नळाबद्दल विचारणारे कुणी उरत नाही. सुई आणि नळ यांची जुनी गोष्ट ती हीच.

आम्ही त्या दिवशी तेथेच बसून सूचना पुन्हा लिहिल्या. घरून उकळून गार केलेले पाणी प्रत्येकाने धातूच्या किंवा टिकाऊ बाटलीत आणावे. शाळेने मोठ्या पिंपात आणखी पाणी आणि क्लोरीनचे द्रावण सोबत न्यावे. द्रावणाचे प्रमाण बाटलीवरील सूचनेप्रमाणे, आणि थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबावे. वस्तीच्या ठिकाणी पोचताच नळाच्या पाण्यातील शिल्लक क्लोरीन मुलांनीच तपासावा. तपासणीचा संच आरोग्यसेवकाकडे मिळतो. नळाशी शिल्लक क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. तो नसेल तर त्या मुलांनी ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला पत्र लिहावे. शौचालय कोठे आहे आणि त्याचा मैला कोठे जातो, हे सहल ठरवतानाच विचारावे. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. आणि गावातून नेलेला कचरा परत गावात आणावा.

यांतली पहिली सूचना मुलाला सांभाळते, शेवटची डोंगराला. मधल्या सूचना दोघांना एकदम सांभाळतात. मला त्या सर्वांत मोलाच्या वाटतात. मुलांनी पाणी तपासले तर त्याचा फायदा त्यांच्यानंतर येणाऱ्या सहलीला होतो आणि तेथे बाराही महिने राहणाऱ्या माणसांनाही होतो. आरोग्याचा सल्ला प्रवाशापाशी थांबला तर तो गाडाच ठरतो. तो यजमानाच्या नळापर्यंत आणि खालच्या गावाच्या घाटापर्यंत पोचला, तरच त्याला सार्वजनिक आरोग्य म्हणता येईल.

बाईंनी नंतर कळवले, की पुढच्या सहलीत नळाच्या पहिल्या तपासणीत पाण्याला रंगच आला नाही. क्लोरीन शून्य. मुलांनी पत्र लिहिले. उत्तर यायला दोन महिने लागले, पण आले. तोवर आषाढ लागला होता. मुलांनी वर्गातल्या नकाशावर पंचगंगेच्या काठाची गावे प्रयागपासून वाडीपर्यंत लाल शाईने लिहून काढली होती आणि प्रत्येक नावाच्या खाली, पुढच्या गावाकडे जाणारा एक बाण काढला होता. आपल्या गावाच्या नावाखालचा बाण त्यांनी सर्वांत जाड काढला होता.